हातोडाबाईंची स्प्रिंग

हातोडाबाईंचा हात आधी चालायचा, तोंड मागाहून. ओळख करून घेतानाही हाच क्रम. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पिंजौरच्या अलीकडे एका कोरड्या नदीच्या पात्रात, उताणा पडल्या पडल्या. माझी डर्ट बाइक गोट्यांमध्ये आडवी होऊन मागचं चाक गरागरा फिरवत होती आणि माझा उजवा खांदा जिथे असायला हवा तिथे नव्हता. मी "आई गं" म्हणून ओरडलो. मागून येणारी एक गाडी थांबली, हेल्मेट घातलेलं कुणीतरी उतरलं, माझ्या शेजारी बसलं, एक बूट माझ्या काखेत रोवला आणि मनगट दोन्ही हातांनी धरून ओढलं. आतून कटकन आवाज झाला. मी पुन्हा ओरडलो, तर मांडीवर एक सणसणीत चापट बसली.

"बसला की खांदा. आता कशाला बोंबलतोस?" हेल्मेटमधून ठसठशीत कोल्हापुरी आवाज आला. "गाव कुठलं?"

"संगमनेर," मी म्हणालो. एरवी चंदीगडमध्ये कुणी मराठी भेटलं की मला केवढा आनंद होतो. त्या दिवशी झाला नाही.

त्या हाडांच्या सर्जन होत्या, मूळच्या गडहिंग्लजच्या, आणि शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात माणसांची मोडलेली हाडं खिळे ठोकून जोडत होत्या. हाताखालचे निवासी डॉक्टर त्यांना पाठीमागे 'हथौड़ा मॅडम' म्हणायचे. रविवारी बाइक घेऊन डोंगरपायथ्याला भटकणाऱ्या आम्हा चार मराठी टाळक्यांनी त्याचं हातोडाबाई केलं. हे त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. बोलताना स्वतःबद्दल 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणायच्या, त्यांच्याकडच्या बायका म्हणतात तसं. इतक्या वर्षांच्या हिंदी-पंजाबीनेही ती सवय मोडली नव्हती. नवरा पुण्याला असायचा. तो तिकडे आणि बाई इकडे, यामुळे दोघांचंही बरं चाललं होतं, असं त्या स्वतःच सांगायच्या.

खांदा बसवून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं आणि माझी गाडी तपासली. मागचं टोक हाताने दाबलं, वर उचललं, पुन्हा दाबलं. मग मागच्या चाकाचे धक्के सोसणाऱ्या शॉकवरच्या स्प्रिंगकडे बोट दाखवून विचारलं, "ही चकती एवढी कुणी आवळली?" मी अभिमानाने सांगितलं की मीच. मी जाडजूड माणूस. बसलो की गाडीचं बूड खाली जायचं, म्हणून मी व्हिडिओ बघून स्प्रिंगवरची चकती आवळत आवळत शेवटपर्यंत नेली होती. गाडी वर आली आणि मला वाटलं, काम झालं. त्यावर बाईंनी दुसरी चापट मारली. यावेळी दंडावर, आणि तो दंड त्याच खांद्याचा होता.

"मऊ स्प्रिंग आवळली म्हणून ती कडक होत नाही," त्या म्हणाल्या. "ती नुसती चिडून बसते. उतारावर मागचं चाक हलकं झालं की उसळून लाथ घालते. तेच झालं नव्हं आत्ता? स्प्रिंग वजनाला बघून घ्यायची असते. किती वजन तुझं?"

"ऐंशी."

बाईंनी माझ्या पोटाकडे बघितलं. पुढच्या रविवारी त्यांनी मला मनीमाजऱ्यात बल्लीच्या गॅरेजवर बोलावलं आणि तिथून दंडाला धरून कोपऱ्यावरच्या आटा चक्कीत नेलं. हेल्मेट, छातीचं कवच, गुडघ्याचे पत्रे, बूट, पाठीवर पाण्याची भरलेली पिशवी, असा सगळा सरंजाम चढवून मी गव्हाच्या काट्यावर उभा राहिलो. रांगेतल्या बायका दळण विसरून बघत होत्या. काटा शंभराच्या पुढे गेला आणि चक्कीवाल्याने मोठ्याने आकडा वाचून दाखवला. "वजनाचं खोटं मुलगी बघायला जाताना बोल," बाई म्हणाल्या. "स्प्रिंग बोलून दाखवत नाही, सरळ मणका मोडती." पुढे कळलं की आमच्या गटात सगळ्यांनाच त्यांनी त्या काट्यावर चढवलं होतं, आणि सगळेच खोटं बोलले होते.

बल्ली हा त्या गॅरेजचा मालक, दारापेक्षा रुंद सरदार, बोलायला लागला की थांबायचा नाही. त्याने शॉक दाबायला स्वतःच एक यंत्र केलं होतं. जमिनीत गाडलेला लोखंडी खांब, त्याला जोडलेला पुरुषभर लांबीचा पाइप. शॉक खांबापाशी उभा करायचा, एका हाताने पाइप खाली ओढून स्प्रिंग दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने तिच्या बुडाची क्लिप काढायची. दाबलेली स्प्रिंग म्हणजे चवताळलेलं जनावर. बल्लीच्या पत्र्याच्या छताला एक भोक होतं, ते अशाच एका स्प्रिंगने पाडलेलं. तो ते गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवायचा. बाई मात्र पाइपाला हात घालायच्या तेव्हा पंप मारतोय असं वाटायचं. उजव्या हाताने तो खाली आणायचा, डाव्याने क्लिप उपटायची, तोंडाने स्प्रिंगच्या आईचा उद्धार करायचा. माझी जुनी स्प्रिंग काढून कडक घालायला त्यांना फार वेळ लागला नाही. नंतर मला पूर्ण सरंजामात गाडीवर बसवून गाडी किती दबते ते त्यांनी टेपने मोजलं, मग मला उतरवून नुसती गाडी स्वतःच्या वजनाने किती दबते तेही मोजलं. दोन्ही मापं जुळल्यावर त्यांनी सीटवर थाप मारली. तेवढी एक थाप मात्र हळू होती.

"हाडाला लाड चालत नाहीत," हे त्यांचं पेटंट वाक्य. पेशंट कण्हायला लागला, ज्युनिअर घाबरला, बोल्ट गंजून अडकला, तिन्ही ठिकाणी हेच. एकदा पात्रातून रेती भरून नेणाऱ्या एका टिप्परवाल्याने आमच्यातल्या एकाला कट मारून पाडलं आणि वर शिव्या दिल्या. बाईंनी गाडी टिप्परपुढे आडवी घातली, पायरीवर चढून त्याला गळपट्टीला धरून खाली खेचलं आणि तुडवलं. त्यानेही सोडलं नाही. बाईंचा डोळा सुजून बंद झाला, ओठ फाटला. सोमवारी त्या तशाच राउंडला गेल्या. पेशंटांनी विचारलं तर सांगितलं, ऑपरेशन करताना हाड उडून लागलं. लोकांनी विश्वास ठेवला, कारण बाईंकडे बघून तो ठेवता यायचा.

मला त्या फार आवडायच्या. हे लिहून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल मी मार खाल्ल्याचा सूड उगवतोय. परक्या गावात माणसं गोड बोलतात आणि लांब राहतात. मोहालीतल्या माझ्या ऑफिसात सगळे 'जी' लावून बोलायचे आणि माझं घर कुठल्या सेक्टरात आहे हे एकालाही ठाऊक नव्हतं. बाई मला डेंग्यू झाला तेव्हा दार लाथेने वाजवत आल्या, नाक दाबून औषध पाजलं, ओट्यावरची शिळी डाळ खिडकीतून फेकली आणि मी झोपेपर्यंत खुर्चीवर बसून राहिल्या. डाळ खालच्या मजल्यावरच्या शर्मांच्या गाडीवर पडली. ते भांडायला आले तर त्यांच्याशीही भांडल्या.

मग ती दुपार आली. इस्पितळात अपघाताचा एक पेशंट आणला होता, आणला तेव्हाच जीव गेलेला. बरोबर मोठा जमाव. एका निवासी डॉक्टर मुलीने मृत्यूचं सांगितलं आणि जमावाने तिलाच धरलं, केस ओढत व्हरांड्यात आणलं. बाई जिन्यावरून उतरत होत्या. त्यांनी पुढच्या माणसाच्या नाकावर डोकं मारलं, दुसऱ्याला सलाइनच्या स्टँडने झोडपलं आणि त्या मुलीला ड्रेसिंगच्या खोलीत ढकलून स्वतः दारात आडव्या उभ्या राहिल्या. उजवा हात चौकटीवर होता. दार जाड लोखंडी. कुणीतरी ते धरलं आणि आपटलं.

"लावलं, उघडलं, परत लावलं," बाईंनी मला सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजात चीड नव्हती, आणि म्हणूनच ऐकवत नव्हतं. "पहिल्यांदा चुकून लावलं असेल, सोड. दुसऱ्यांदा लावताना तो माझ्या तोंडाकडं बघत होता."

त्यांच्याच सहकाऱ्यांनी हात उघडून पट्ट्या आणि स्क्रू घातले. नुसता हात बधिर केला होता, त्यामुळे बाई जाग्या होत्या आणि पडद्याआडून सगळ्यांना शिव्या घालत होत्या, स्क्रू कुठला वापरताय म्हणून. हाडं जुळली. पण बोटं चालवणारी एक मोठी शीर चेंगरली होती, आणि तिचं काय होईल हे कुणी सांगू शकत नव्हतं. विभागप्रमुख भले होते. ते म्हणाले, घाई नाही, तुम्हाला हात पुरता आला असं वाटेल तेव्हा थिएटरमध्ये या, आम्ही विचारणार नाही. म्हणजे निकाल बाईंनीच द्यायचा होता. हात परत आला तर सर्जन, नाहीतर कोण, हे त्यांनाही माहीत नव्हतं. व्यायामाला दिलेला स्पंजचा चेंडू त्यांनी तो देणाऱ्या फिजिओच्याच अंगावर फेकला. "चेंडू दाबून हाडाला भोक पडत नाही," असं म्हणाल्या, आणि मला फोन करून सांगितलं, "माझ्या गाडीची मागची स्प्रिंग मी बल्लीकडं माझ्या हातानं बदलीन. ती बदलली की दुसऱ्या दिवशी थिएटरात."

"तुमच्या स्प्रिंगला काय झालंय?" मी विचारलं. तर कळलं की प्लास्टर निघाल्या निघाल्या बाई एकट्याच नदीच्या पात्रात जाऊन आल्या होत्या आणि गाडीने त्यांना सतरा वेळा हवेत फेकलं होतं.

"स्प्रिंग कडक झालीया माझी. पडून पडून गंजली असंल."

मी गप्प बसायला हवं होतं. पण बल्लीच्या गॅरेजात, बाईंच्या समोर, मी म्हणालो, "बाई, स्प्रिंग कधी कडक होत नाही. झाली तर मऊ होते. तुम्हीच शिकवलंय. तुमचं वजन उतरलंय." बाईंचा चेहरा बघून बल्लीने त्या क्षणी गाडीआड जागा धरली. पाना माझ्या कानावरून गेला आणि मागच्या मडगार्डांच्या ढिगावर आपटला. डाव्या हाताने फेकला होता, म्हणून मी वाचलो. मग बाई स्वतःच बूट, कवच, हेल्मेट चढवून चक्कीकडे निघाल्या. काट्यावर उभ्या राहिल्या. चक्कीवाल्याला त्यांचा जुना आकडा पाठ असावा, कारण या वेळी त्याने तो मोठ्याने वाचला नाही. दुखण्यात बाई अर्ध्या राहिल्या होत्या आणि त्यांच्याशिवाय ते सगळ्यांना दिसत होतं.

मऊ स्प्रिंग बंगळुरूहून मागवावी लागली. बल्ली जुन्यांतली एक घालायला तयार होता, जवळपास जुळेल म्हणाला. बाई म्हणाल्या, जवळपास जुळणारं हाड मी कधी कुणाला बसवलं नाही. ती येईपर्यंत त्या घरी उजव्या हाताने कणीक मळत होत्या, भिंतीवर बुक्क्या मारत होत्या, बादल्या उचलत होत्या. भिंतीला रक्ताचे डाग मी बघितले.

स्प्रिंग आली त्या रविवारी सकाळी कडक ऊन होतं. गाडी स्टँडवर चढवून आम्ही चाक सोडवलं, वरचा आणि खालचा बोल्ट काढून शॉक बाहेर घेतला. बाईंनी ब्रशने आटे घासले, चकती सैल केली. ती अडून बसली होती, तर छिन्नी लावून डाव्या हाताने हातोडीचे घाव घातले. शॉक बल्लीच्या खांबाला उभा राहिला. बाईंनी उजवा हात पाइपावर ठेवला.

"मॅडम जी, मैं कर देन्ना," बल्ली म्हणाला. नाहीतर पाइप डाव्या हाताने दाबावा, असंही त्याने सुचवलं.

"ऑपरेशन पण डाव्यानं करू का?" बाई मराठीतच म्हणाल्या. बल्लीला शब्द कळले नाहीत, सूर कळला. तो मागे सरला.

पाइप खाली आला. स्प्रिंग करकरत दबली. बाईंचा डावा हात क्लिपकडे गेला, आणि मी उजव्याकडे बघत होतो म्हणून मला दिसलं. करंगळी सुटली. मग शेजारचं बोट. ती बोटं बाईंना न विचारता उघडत होती. पाइप उसळला आणि टोक हनुवटीखाली बसलं. बाई मागच्या टायरांवर जाऊन पडल्या. उठल्या, थुंकल्या. रक्तात दाताचा तुकडा होता.

"परत," त्या म्हणाल्या.

मी पाइपाला हात लावायला पुढे झालो तर कोपर पोटात बसलं आणि मी वाकून खाली बसलो. दुसऱ्यांदा पाइप आणखी खाली आला. बाईंचा सगळा हात खांद्यापासून थरथरत होता, मानेच्या शिरा वर आल्या होत्या, हनुवटीवरून रक्त गळून शॉकवर पडत होतं. या वेळी पाइप सुटला तो वर जाऊन ट्यूबलाइटवर आदळला आणि काचांचा पाऊस आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर. बल्ली देवाचं नाव घेत होता. बाई तिसऱ्यांदा उभ्या राहिल्या. पाइपावर हात ठेवला आणि तसाच ठेवून त्या हाताकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता बाई आम्हाला सगळ्यांना झोडपणार.

"धर," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्या हाताशेजारी हात ठेवला. आम्ही दोघांनी पाइप खाली आणला. त्यांनी डाव्या हाताने क्लिप काढली, जुनी स्प्रिंग उतरवली, नवी चढवली, पुन्हा आम्ही दोघांनी दाबली, त्यांनी क्लिप बसवली आणि चारी बाजूंनी बोट फिरवून ती खोबणीत नीट बसल्याची खात्री केली. बोल्ट आवळले. बाई पूर्ण सरंजामात गाडीवर बसल्या, मी टेपने मोजलं, मग त्या उतरल्या, पुन्हा मोजलं. दोन्ही मापं जशी हवी तशी आली. गाडी इतकी नेमकी बसली होती की मी आनंदाने वर बघितलं.

बाईंचं गाडीकडे लक्ष नव्हतं. बल्लीने दिलेल्या फडक्याने त्या हनुवटी दाबून उभ्या होत्या.

"पाइप सुटला तर माझं तोंड फुटलं," त्या म्हणाल्या. "ड्रिल सुटलं तर खाली झोपलेल्याचं काय?"

मी म्हणालो, अजून सहा महिने जातील, शीर हळूहळू येते, तुम्हीच पेशंटांना सांगता. त्यांनी मला मारलं नाही. मला ते फार लागलं. सोमवारी त्या प्रमुखांना भेटल्या आणि यापुढे ऑपरेशन करणार नाही म्हणून सांगून आल्या. ते शिकवायला थांबा म्हणाले. बाई म्हणाल्या, दुसरा खिळा ठोकतोय आणि मी बाजूला उभं राहून बघतोय, असं झालं तर आठवड्यात कुणाच्या तरी डोक्यात हातोडा घालीन. गडहिंग्लजला वडिलांची जुनी दवाखान्याची खोली होती. तिथे प्लास्टर घालायचं, मुरगळलेलं बसवायचं, मोठं काही असेल तर पुढे पाठवायचं, असं त्यांनी ठरवलं. ज्या मुलीला त्यांनी खोलीत ढकललं होतं, ती निरोप द्यायला आली आणि रडायला लागली, तर तिला म्हणाल्या, "रडायचं असंल तर कान-नाक-घशाकडं जा. हाडात राहायचं तर हात धड ठेव."

गाडी स्टेशनला जायच्या टेम्पोत चढवली. सामान चढवलं. क्वार्टरच्या फाटकापाशी बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी उजवा हात पुढे केला. आमच्यात कधी हात मिळवायची पद्धत नव्हती. मी तो जपून धरला.

"जोरात दाब," त्या म्हणाल्या.

मी दाबला. तिकडून काही आलं नाही. त्यांची बोटं माझ्या हातात नुसती होती, गरम आणि जड. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, मला कळलं का ते बघत होत्या. मी नजर खाली केली. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझ्या पाठीत असा एक रट्टा घातला की मी फाटकावर जाऊन आदळलो, आणि मी सावरेपर्यंत त्या टेम्पोत चढून बसल्या होत्या.

पाठ चार-दोन दिवस चांगलीच ठणकत होती. वाकताना, गाडीला किक मारताना, कूस बदलताना कळ यायची. मग एका सकाळी उठलो आणि कुठेच काही दुखत नव्हतं, तेव्हा मात्र मला रडू आलं.